फिल्टर निघतही नाही आणि फरकही दिसत नाही!

पत्र असं आलंय: "नमस्कार सर, मी ऐरोलीला राहते. मागच्या वर्षी नोकरीतून व्हीआरएस घेतली आणि पहिल्यांदा फक्त स्वतःसाठी काहीतरी घेतलं, ते म्हणजे कॅमेरा, सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिमी अशा दोन लेन्स. ओळखीतल्या एकाने सांगितलं की पोलरायझर लावला की आकाश निळंशार येतं, म्हणून ५८ मिमीचा सीपीएल, म्हणजे सर्क्युलर पोलरायझर फिल्टर पण घेतला. तो छोट्या लेन्सवर लावून सकाळी सातला ठाण्यात उपवनला गेले, समोर तलाव, मागे येऊरचा डोंगर, पण आकाश होतं तसंच पांढरट आलं. मग मोठ्या लेन्सवर लावून खाडीत बोटीने फ्लेमिंगो बघायला गेले तर सगळे फोटो अंधारलेले नाहीतर हललेले. दुकानदार म्हणाला होता हा सर्क्युलर आहे म्हणून महाग, लिनियर घेतलात तर फोकसच होणार नाही, ते काय मला कळलं नाही. मुलगा म्हणतो आई हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये होतं, उगाच पैसे घातलेस. खरंच पैसे पाण्यात गेले का? ता. क. – फिल्टर त्या मोठ्या लेन्सवर असा बसलाय की दोन महिने झाले, नुसता गोल गोल फिरतो पण निघत नाही."

ताई, सर वगैरे नको, मी पण तुमच्यासारखाच हौशी, फक्त जरा जास्त वर्षं चुका केलेला.

आणि सुरुवात ता. क. पासूनच करतो, कारण तुमची बरीचशी दुखणी त्या एका ओळीत आहेत. "नुसता गोल गोल फिरतो" हे वाचून मी घरात एकटाच हसलो, राग मानू नका. अहो तो फिरण्यासाठीच आहे! सीपीएलला दोन रिंगा असतात, मागची लेन्सच्या आट्यांत बसते आणि पुढची, म्हणजे जिच्यात काच आहे ती, मोकळी फिरते, तर तुम्ही ती पुढची रिंग धरून आयुष्यभर फिरवलीत तरी फिल्टर काही निघणार नाही. मागची रिंग पकडायची, लेन्सला अगदी चिकटून असलेली ती बारीकशी पट्टी. बोटांत येत नसेल तर तिच्याभोवती एक जाडसर रबरबँड घट्ट गुंडाळा, मग तळहाताने हलकेच, समोरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला फिरवा. चिमटीत जोरात दाबू नका, रिंग पातळ असते, दाबली की लंबगोल होते आणि आटे अजून अडकतात. पक्कड तर अजिबात नको, मी एकाला पक्कड घेताना बघितलंय आणि नंतर त्याची लेन्सही बघितलीय. परत लावताना शेवटपर्यंत आवळायचा नाही, जरा टेकला की बास.

आता यातून मला दुसरी गोष्ट कळली ती अशी की ती पुढची रिंग का फिरते हे तुम्हाला कुणी सांगितलेलंच नाही. म्हणजे तुम्ही दोन महिने फिल्टर लावलात पण वापरला एकदाही नाहीत, तो ज्या कोनात थांबला असेल त्या कोनात फोटो काढत राहिलात. यात तुमची चूक नाही, दुकानात डबी हातात देतात आणि बिल देतात, बाकी काही देत नाहीत.

तर होतं काय, की प्रकाशाच्या लाटा साध्या उन्हात सगळ्या दिशांनी थरथरत येतात, पण पाणी, काच, ओलं पान असल्या गुळगुळीत गोष्टीवरून तिरक्या परतल्या की त्यांची थरथर बरीचशी एकाच दिशेत उरते, यालाच प्रकाश पोलराइज होणं म्हणतात. पोलरायझर म्हणजे लोकलच्या खिडकीच्या आडव्या दांड्या समजा, बाहेरून कुणी पेपर आडवा धरून सरकवला तर आत येतो आणि उभा धरला तर अडकतो. रिंग फिरवायची म्हणजे त्या दांड्या फिरवायच्या, कुठल्यातरी एका कोनात ती परतून आलेली चकाकी अडकते आणि तिच्या मागचं जे आहे ते दिसायला लागतं. कॅमेऱ्यात बघत बघत हळूहळू फिरवा, पाव वळशात कमाल आणि किमान दोन्ही दिसतात, आवडेल तिथे थांबा. दरवेळी कमालच पाहिजे असं काही नाही हं. आणि कॅमेरा आडव्याचा उभा केलात की परत फिरवावं लागतं, हे मी स्वतः अजूनही विसरतो.

एक गंमत सांगतो. १९२१ च्या सप्टेंबरमध्ये सी. व्ही. रामन इंग्लंडहून परत येत होते, नार्कुंडा नावाच्या बोटीने, आणि समुद्र निळा का दिसतो हा प्रश्न त्यांच्या डोक्यात. तोवर लॉर्ड रेले या इंग्लिश शास्त्रज्ञाचं म्हणणं मान्य होतं की तो निळा आकाशाच्या प्रतिबिंबाचा. रामन यांच्याकडे एक निकोल प्रिझम होता, म्हणजे खिशातला पोलरायझरच, त्यातून योग्य कोनात पाण्याकडे बघून त्यांनी वरची चकाकी घालवली आणि बघतात तर निळा रंग गेला नाही, उलट जास्तच खुलला. म्हणजे रंग पाण्याचा स्वतःचा, पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात म्हणून. ते पत्र त्यांनी बोट मुंबई बंदरात असतानाच लिहून "नेचर" या विज्ञानाच्या नियतकालिकाला पाठवलं. तर तुमच्या डबीतल्या काचेचं आपल्या मुंबईच्या बंदराशी असं जुनं नातं आहे, मुलाला सांगा.

आता उपवन. तुम्ही सकाळी सातला गेलात, डोंगर साधारण पश्चिमेला, म्हणजे सूर्य तुमच्या पाठीमागे. आणि निळ्या आकाशाचा प्रकाश सगळ्यात जास्त पोलराइज कुठे असतो तर सूर्यापासून बरोबर काटकोनात. सूर्य पाठीशी असेल किंवा तोंडासमोर असेल तर रिंग फिरवून हात दुखेल पण आकाश हलणार नाही. म्हणजे संध्याकाळी गेल्या असतात तरी तेच, कारण तेव्हा सूर्य येऊरच्या मागे उतरतो. सकाळी किंवा संध्याकाळी उत्तरेकडे नाहीतर दक्षिणेकडे तोंड करा, आकाश लगेच गडद होईल. आणि त्याच डोंगराचा फोटो पाहिजे असेल तर डिसेंबर-जानेवारीत दुपारी साडेबाराच्या सुमारास जा, तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि पश्चिमेचं खालचं आकाश त्याच्याशी काटकोनात येतं, उजेड थोडा कडक असतो पण आकाश मिळतं. मेच्या मध्यावर तर आपल्याकडे सूर्य भर दुपारी चक्क डोक्यावर, तेव्हा क्षितिजाच्या जवळचं सगळंच आकाश काटकोनात, पण मे महिन्यात दुपारी एकला उपवनला कोण उभं राहणार, तुम्ही उभ्या राहू नका.

हे सगळं लक्षात ठेवायला एक सोपी खूण आहे, लहान मुलं हाताची बंदूक करतात ना तशी करायची, तर्जनी सूर्याकडे, अंगठा ताठ वर, आणि आता मनगट फिरवायचं. अंगठा आकाशात ज्या ज्या ठिकाणी रोखला जाईल तिथे फिल्टर चालतो. लोक बघतात थोडे विचित्र नजरेने, चालायचंच.

शिवाय एक गोष्ट तुमच्या हातात नव्हती. हिवाळ्यात सकाळी ठाण्यावर जो पांढरट थर बसलेला असतो, धूळ, धूर, दमट हवा, त्यातले कण मोठे असतात आणि ते प्रकाश असा काही विखुरतात की पोलरायझेशनच विरघळून जातं. तिथे कितीही भारी फिल्टर लावा, पांढरं ते पांढरंच. पाऊस पडून गेल्यावर हवा धुतली जाते त्या एक-दोन दिवसांत, किंवा ऑक्टोबरमध्ये पाऊस नुकताच परतलेला असताना, तोच फिल्टर वेगळाच वाटतो.

आणि छोटी लेन्स १८ वर, म्हणजे सगळ्यात रुंद ठेवून भरपूर आकाश घेतलंत तर कधी कधी आकाशात एका बाजूला गडद पट्टा उमटतो, कारण चित्रात आकाशाचा इतका मोठा तुकडा येतो की एक भाग काटकोनात आणि दुसरा नाही. मी एकदा घोडबंदरच्या बाजूला नागला बंदरला खाडीचा पॅनोरमा काढला होता सहा फोटो जोडून, फिल्टर तसाच लावून, आकाश असं दिसत होतं की जणू कुणीतरी ओल्या फडक्याने मध्येच पुसलंय. पॅनोरमाला फिल्टर काढायचा, बास.

आता फ्लेमिंगो, आणि इथे जरा स्पष्ट बोलतो, तिथे तो फिल्टर लावायलाच नको होता. पोलरायझर साधारण दीड ते दोन स्टॉप उजेड खातो, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. दोन स्टॉप म्हणजे किती, तर तुम्हाला शटरचा वेग १/१००० सेकंद मिळत असेल तिथे १/२५० मिळणार, नाहीतर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ८०० ची ३२०० करावी लागणार. ५५-२५० लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र २५० वर मुळात एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही, त्यात बोट हलतेय, पक्षी उडतायत, १/२५० ला उडणारा रोहित (म्हणजे आपला फ्लेमिंगोच) हा नुसता गुलाबी रंगाचा फराटा. कॅमेरा ऑटोवर असेल तर तो आपला उजेड भरून काढायला शटर हळू करणार किंवा आयएसओ चढवणार, आणि तेही पुरलं नाही की फोटो अंधारा. तुमच्या तक्रारीतलं "अंधारलेले नाहीतर हललेले" बरोब्बर हेच आहे, कॅमेऱ्यात काही बिघाड नाही.

बरं एवढं देऊन मिळणार काय होतं? पाण्यावरची चकाकी सगळ्यात जास्त जाते ती पाण्याच्या पृष्ठभागापासून साधारण ३७ अंशांत बघितलं तर, म्हणजे काठावर उभं राहून थोडं खाली बघताना. बोटीत आपण पाण्याला जवळजवळ खेटून बसलेलो, पक्षी लांब, नजर अगदी सपाट जाते, तिथे चकाकी फारशी कमी होतच नाही. आणि समजा झाली असती, तरी ओहोटीच्या चिखलावर जे पातळ पाणी उरतं त्यात उभ्या असलेल्या रोहितांचं ते उलटं गुलाबी प्रतिबिंब हाच तर फोटोचा अर्धा जीव आहे, तेच पुसायला कशाला निघालात! ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं, आणि तुमच्या घराजवळून बोट सुटते, लोक लांबून लांबून येतात हो यासाठी. पुढच्या वेळी लेन्स उघडी, शटर प्रायॉरिटी (म्हणजे शटरचा वेग आपण ठरवायचा), १/१००० किंवा वर, आयएसओ ऑटो, आणि फिल्टर डबीत. बोटीच्या वेळा भरती-ओहोटीवर असतात त्यामुळे उजेड कसा मिळेल ते नशिबावर, पण निदान असलेला उजेड तरी सगळा आत येऊ द्या.

मीही यातून गेलोय म्हणून सांगतो. भाच्याच्या हळदीला, हॉलमध्ये, आदल्या दिवशी येऊरला लावलेला फिल्टर तसाच, चाळीस फोटो काढल्यावर लक्षात आलं. बहीण अजून बोलून दाखवते. घरात, संध्याकाळी, हॉलमध्ये फिल्टर काढायचा, आणि काच सुरक्षित राहावी म्हणून कायम लावून ठेवायला हा नाहीच, त्यासाठी साधी पारदर्शक काच मिळते.

दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे. लिनियर म्हणजे नुसता पोलरायझर. सर्क्युलर म्हणजे त्याच्या मागे अजून एक पातळ थर, जो गाळून आलेल्या प्रकाशाला परत गोल फिरवतो. हे का करावं लागलं, तर आरसा असलेल्या एसएलआर आणि डीएसएलआर कॅमेऱ्यांत थोडा प्रकाश अर्धपारदर्शक आरशातून फोकसच्या आणि मीटरच्या (उजेड मोजणाऱ्या) सेन्सरकडे जातो, आणि त्या आरशाला लिनियर, म्हणजे एकाच दिशेत थरथरणारा प्रकाश नीट मानवत नाही, मग मीटर चुकतो, फोकस गोंधळतो. मिररलेसमध्ये तो आरसाच नाही म्हणून तिथे लिनियरही सहसा चालून जातो. पण हल्ली दुकानात बहुतेक सर्क्युलरच मिळतात, तुमचा बरोबर आहे, त्यात फसवणूक नाही. "सर्क्युलर" चा काचेच्या गोल आकाराशी संबंध नाही हे मात्र मला पण दोन वर्षं माहीत नव्हतं, मी समजायचो चौकोनी पण मिळत असतील.

फसवणूक वेगळीच असते. माझा पहिला सीपीएल म्हणजे नुसती राखाडी काच निघाली, स्वस्तात मिळाला म्हणून खुश होतो. दुकान सांगत नाही, पण तुम्ही तुमचा तपासून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. फिल्टर निघाला की लॅपटॉपच्या चालू स्क्रीनसमोर धरा, कॅमेऱ्यावर असतो तसाच, म्हणजे बाहेरची बाजू स्क्रीनकडे, आणि फिरवा. स्क्रीन एका कोनात काळी पडली तर तो पोलरायझर आहे. मग आरशासमोर जा, यावेळी उलटं, आट्यांची बाजू आरशाकडे आणि बाहेरची बाजू डोळ्याकडे, एक डोळा मिटून त्यातून आरशात बघा. आरशातल्या फिल्टरची काच काळीकुट्ट दिसली आणि पलटी केल्यावर साफ झाली तर तो खरा सर्क्युलर. दोन्ही बाजूंनी सारखाच दिसला तर लिनियर किंवा माझ्यासारखी राखाडी काच.

मग हा वापरायचा कुठे? आकाशासाठी लोक घेतात पण माझ्या मते आकाश हा याचा सगळ्यात कमी महत्त्वाचा उपयोग आहे. जुलैमध्ये येऊरला जा, ढगाळ दिवशी, हो ढगाळच, ऊन नको. पावसाने ओली झालेली पानं बघाल तर हिरवी दिसतच नाहीत, वरून आकाशाची पांढरी झाक असते त्यांच्यावर. रिंग फिरवली की ती झाक उतरते आणि खालचा हिरवा असा बाहेर येतो की तुम्हाला वाटेल कुणी रंग बदलला. खाडीकाठच्या तिवरांच्या पानांना मुळातच मेणचट चमक, तिथेही तेच. ओढ्यातले दगड, पाण्याखालची रेती, सगळं दिसायला लागतं. फक्त तिथे पण पूर्ण फिरवू नका, ओल्या दगडावर जराही चमक उरली नाही तर तो ओला वाटतच नाही, कोरडा ठणठणीत वाटतो. पावसात इंद्रधनुष्य दिसलं तर मात्र सांभाळून, त्याचा प्रकाशही पोलराइज असतो, एका कोनात ते अजून उठून दिसतं आणि दुसऱ्या कोनात चक्क गायब होतं.

काच हा दुसरा मोठा उपयोग. ठाण्यात राम मारुती रोडला दिवाळीत दुकानांच्या शोकेस बघा, साड्या, कंदील, आणि त्यावर समोरच्या रस्त्याचं, रिक्षांचं, आपलं स्वतःचं प्रतिबिंब. अगदी समोर उभं राहून फिल्टरने काही होत नाही, बाजूला सरका, काचेला साधारण ३५ अंशांच्या कोनात या, मग फिरवा, काच नाहीशी होते. ऐरोली-बेलापूरच्या त्या काचेच्या बिल्डिंगांना पण हेच. धातूला मात्र हे लागू नाही, तांब्याचा हंडा, स्टीलचं ताट यांची चमक जात नाही, पॉलिश केलेलं लाकूड, फरशी, रंगवलेल्या गाडीचं बॉनेट यांची जाते.

दोन बारीकसारीक गोष्टी. रिंग फिरवताना नेहमी आवळायच्या दिशेलाच फिरवा, नाहीतर नकळत फिल्टर सुटत जातो आणि एक दिवस खाडीत. मोठ्या लेन्सला हूड, म्हणजे तोंडावरची ऊन अडवणारी नळी असेल तर आत बोट जात नाही, हूड काढून फिरवा. छोटी लेन्स जुन्या बनावटीची असेल आणि फोकस करताना तिचं तोंड फिरत असेल तर आधी फोकस, मग फिल्टर. तुमच्या दोन्ही लेन्सना ५८ च आहे हे नशीब, एकाच फिल्टरात भागतंय. आणि डोळ्यावर पोलराइज्ड गॉगल असेल तर कॅमेऱ्याची स्क्रीन काळी दिसू शकते, फिल्टरला दोष देऊ नका.

राहिला मुलगा. त्याचं अर्धं बरोबर आहे, आकाश निळं करणं सॉफ्टवेअरमध्ये होतं, छान होतं, त्यासाठी मी तरी फिल्टर लावत नाही. पण चकाकीच्या मागे जे झाकलं गेलं ते फोटोत आलेलंच नसतं, सॉफ्टवेअर तिथे फार तर अंदाजाने काहीतरी रंगवेल. वाद घालू नका, असं करा. रबरबँडने फिल्टर काढा, छोट्या लेन्सवर लावा, एखाद्या संध्याकाळी दिवे लागायच्या आधी दोघं मिळून राम मारुती रोडला जा, जिच्या काचेत रस्ता जास्तीत जास्त दिसतोय अशी एक शोकेस निवडा, तिरकं उभं राहून एक फोटो फिल्टर फिरवून काढा आणि एक फिल्टर काढून. फिल्टरशिवायचा त्याला द्या, म्हणावं आतल्या साडीचे काठ कोणत्या रंगाचे आहेत ते सॉफ्टवेअरमधून काढून दाखव. दुसरा फोटो त्याने हात टेकल्यावर दाखवा, आणि जमलं तर मलाही पाठवा.